सोन्याशिवायचा हार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात हार करते. कागदाचे, सायकलच्या ट्यूबचे, तांब्याच्या पत्र्याचे, करवंटीचे. प्रदर्शनात टेबल मांडलं की माणसं थांबतात, एखादा हार उचलून तळहातावर तोलतात, उलटा करून फासा, म्हणजे मागे अडकवायची कडी, बघतात आणि मग प्रश्न सुरू होतात. वर्षानुवर्षं तेच प्रश्न येतात, आणि ते चांगले प्रश्न आहेत. गर्दीत उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अपुरं राहतं, म्हणून इथे सावकाश लिहिलं आहे.

हे इमिटेशनच ना?

नाही. इमिटेशन दागिना दुसऱ्या दागिन्याचं रूप घेतो. पितळेच्या ठुशीला सोन्याचं पाणी दिलं की ती चार हातांवरून सोन्याची दिसावी, एवढं तिचं काम, आणि ते ती चोख करते. लग्नसराईत मीही तुळशीबागेतून घेतलेली मोत्यांची चिंचपेटी घालते.

मी करते त्या प्रकाराला समकालीन कला-दागिना म्हणतात. त्यात रबर रबरच दिसतं आणि कागद कागदच. करणाऱ्यानं ते साहित्य विचार करून निवडलेलं असतं, आणि का निवडलं ते त्याला सांगता येतं. चित्र भिंतीवर राहतं, हा हार माणसाच्या अंगावर राहतो. घालणारी मान वळवते, हसते, वाकून चप्पल घालते, तेव्हा तो पुरता दिसतो. खुंटीवर टांगलेला हार अर्धाच कळतो, म्हणून मी प्रत्येकीला आधी गळ्यात घालून बघायला सांगते.

याची सुरुवात कुठे झाली?

एकच गाव आणि एकच दिवस सांगता येत नाही, पण मला विचाराल तर मी 1967 चं ॲमस्टरडॅम सांगेन. खाइस बाकर आणि एमी फान लेरसुम हे नवरा-बायको दोघंही सोनारकाम शिकलेले. त्यांनी ॲल्युमिनियमचे भलेमोठे गळपट्टे केले आणि तिथल्या स्टेडेलिक म्युझियममध्ये ते मॉडेलच्या अंगावर घालून दाखवले. बाकरचा त्याच वर्षीचा एक हार शेगडीच्या धुराड्याला लावतात त्या पाइपचा आहे. हिरा नाही, नक्षी नाही, नुसता वळवलेला पाइप मानेभोवती. छायाचित्रात बघितला तरी घालणारीची मान आणि खांदे यांच्याकडे पहिल्यांदाच नीट लक्ष जातं. पुढे 1982 मध्ये त्यानं गुलाबाच्या फुलाचा फोटो मोठा करून पीव्हीसी प्लास्टिकमध्ये लॅमिनेट केला आणि त्याचाच हार केला. पाकळ्यांवरचे दवबिंदू हिऱ्यांच्या जागी.

ॲल्युमिनियमचं मला फार विशेष वाटतं. 1850 च्या दशकात, फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, तो धातू मातीतून वेगळा काढणं इतकं अवघड होतं की त्याचा भाव सोन्याच्या वर होता आणि राजघराण्यात त्याचे दागिने होत. 1886 मध्ये विजेच्या साहाय्यानं तो स्वस्तात काढायची रीत सापडली आणि थोड्याच काळात तो भांड्याकुंड्यांत आला. धातू तोच, चकाकी तीच. तो मुबलक मिळायला लागला, एवढाच फरक पडला. बाकरचा पाइप बघताना हे आठवावं.

1960 च्याच दशकात इंग्लंडमध्ये वेंडी रॅमशॉ आणि डेव्हिड वॉटकिन्स यांनी छापील कागदाचे दागिने काढले होते. सपाट पाकिटात मिळायचे, घरी आणून आपण घड्या घालून जुळवायचे. त्याच्याही मागे जायचं तर पॅरिसचा दागिनाकार रने लालिक आहे, ज्यानं रत्नांच्या शेजारी गुरांचं शिंग आणि काच मानानं बसवली. आणि अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर तर आहेच. वाऱ्यावर हलणाऱ्या शिल्पांसाठी तो प्रसिद्ध, पण पितळेची आणि चांदीची तार हातोडीनं ठोकून त्यानं सुमारे 1,800 दागिने केले. डाक लावून, म्हणजे वितळलेल्या धातूनं, सांधायच्या ऐवजी तो तार वळवून, गुंडाळून जोड द्यायचा. 1955 मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादला येऊन राहिला आणि तिथे काम करून गेला. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम चालू असताना तो ठोक्यांचा आवाज ऐकला की मला काल्डरचे हार आठवतात. हातोडीचा ठसा पुसून न टाकता तोच सौंदर्य म्हणून ठेवायचा, हे दोन्हीकडे आहे.

म्युनिकमध्ये 1959 पासून दरवर्षी हस्तकलेच्या मोठ्या जत्रेत 'श्मुक' नावाचं दागिन्यांचं प्रदर्शन भरतं. श्मुक म्हणजे जर्मनमध्ये दागिना. जगभरचे करणारे तिथे काम पाठवतात.

तुम्हाला सोन्याचा राग आहे का?

अजिबात नाही. सोनं तारेसारखं ओढता येतं, वर्खासारखं पातळ होतं, गंजत नाही. साहित्य म्हणून त्याला तोड नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. हार हातात घेतल्यावर पहिला शब्द 'किती तोळ्यांचा?' असा येतो आणि पुढे त्याच्याकडे कुणी बघतच नाही, याचं मला वाईट वाटतं.

ओटो क्युन्झली या स्विस दागिनाकारानं हेच फार नेमकं मांडलं. 1980 मधलं त्याचं एक कडं काळ्या रबरी नळीचं आहे. नळीत एका जागी फुगवटा दिसतो. आत सोन्याची गोळी आहे. ती दिसत नाही, दिसणारही नाही. करणाऱ्यानं सांगितलं म्हणून आपण मानायचं. कड्याचं नाव 'सोनं आंधळं करतं'. 

त्याचंच दुसरं काम मला त्याहून जास्त भिडतं. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन त्यानं लोकांकडून वापरलेल्या लग्नाच्या अंगठ्या विकत घेतल्या आणि अशा 48 अंगठ्या एकमेकींत अडकवून एक साखळी केली, 1985-86 मध्ये. सगळी साखळी सोन्याची आहे. सराफाच्या काट्यावर ठेवली तर तिचा भाव लगेच निघेल. पण त्यातली प्रत्येक अंगठी कुणाच्या तरी बोटातून उतरलेली आहे. कुणी गेलं म्हणून, कुणाचं जमलं नाही म्हणून, कुणाला पैशांची गरज होती म्हणून. ती गळ्यात घालायची कल्पना करून बघा. हात मागे येतो. सोन्याबद्दल इतकं बोलणारा दागिना मी दुसरा पाहिलेला नाही.

हे सगळं परदेशी झालं. आपल्याकडे असं कुठे होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण आपल्याकडे हे इतकं होतं की आपण त्याला वेगळं नावच दिलं नाही.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी सापडले. काळ साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. त्या वेळी आपल्या भागात शहामृग होते. कुणीतरी ते कवच फोडलं, तुकड्याला भोक पाडलं, कडा घासून गोल केल्या आणि दोऱ्यात ओवलं. महाराष्ट्रातल्या दागिन्यांचा इतिहास सांगायचा तर तिथून सांगावा लागतो, आणि तिथे सोनं नाही.

तुळजाभवानीच्या भक्ताच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची. तुळशीच्या काष्ठाचे ते मणी फार थोड्या पैशांत मिळतात, पण 'त्यांनी माळ घातली' असं आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाचं खाणंपिणं बदललं, दरवर्षीची वारी ठरली, असा त्याचा अर्थ असतो. गळ्यातली वस्तू काहीतरी बोलते ही कल्पना युरोपातल्या कलाशाळांत शिकवावी लागते. आपल्याकडे ती माळकऱ्याच्या गळ्यात आहे.

मंगळसूत्र घ्या. सोन्याच्या वाट्या तोलून घेतो खऱ्या, पण त्याला मंगळसूत्रपण आणतात ते काळे मणी. आणि ते काचेचे आहेत.

आणि हलव्याचे दागिने! लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसलेली सून आणि तिच्या अंगावर पांढरेशुभ्र साखरेचे दागिने, किंवा बोरन्हाणाला मुकुट घालून बसवलेलं वर्षाचं पोर. माझी आजी तो हलवा घरी करायची. पसरट परात मंद निखाऱ्यावर, परातीत तीळ किंवा साबुदाणा, आणि चमचाभर पाक. बोटांनी हलवत राहायचं, पाक सुकला की पुन्हा चमचाभर. तासन्‌तास, दिवसन्‌दिवस. घाई करून पाक जास्त ओतला तर दाणे एकमेकांना चिकटतात, विस्तव वाढवला तर रंग जातो. थंडी चांगली पडली असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्यावर बारीक काटा फुटायला लागतो. आजीच्या बोटांची पेरं लाल व्हायची. मग तो हलवा दोऱ्यात बांधून, जरीला चिकटवून हार, बाजूबंद, नथ. एका दुपारपुरता दागिना. हौस संपली की मुलं तो खाऊन टाकायची.

साहित्य साखर, कष्ट आठवडाभराचे, आयुष्य चार तासांचं, आणि तरी त्याच्याशिवाय पहिली संक्रांत होत नाही. डोहाळजेवणातल्या फुलांच्या दागिन्यांचंही हेच. मी काय करते हे मला कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी म्युनिकपासून सुरुवात करत नाही, परातीपासून करते.

कशाकशाचे हार करतात लोक?

यादी न संपणारी आहे, म्हणून मला आवडणारे थोडेच सांगते. नॉर्वेच्या तूने विगेलान्ड हिनं पोलादी खिळे ठोकून चपटे केले आणि ते पिसांसारखे एकावर एक बसवून हार केले. अंगावर ते कापडासारखे पडतात. कलाकार मोना हातूम हिचा 1995 चा हार तिच्या स्वतःच्या गळलेल्या केसांचा आहे. केसांच्या गोळ्या मण्यांसारख्या ओवलेल्या. लांबून मोत्यांची माळ वाटते, जवळ गेल्यावर अंगावर शहारा येतो. कॅरोलाइन ब्रॉडहेडनं 1983 मध्ये नायलॉनच्या तंतूचा असा हार विणला की तो गळ्यात दाबून बसवला तर कॉलर आणि वर ओढला तर सगळा चेहरा झाकणारा पडदा. स्वित्झर्लंडचा बर्नहार्ड शोबिंगर फुटक्या बाटल्यांच्या काचा ओवतो.

व्हेरेना झीबर-फुक्स हिची कामं बघायला मिळाली तर जरूर बघा. ती औषधांच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, फिल्मच्या पट्ट्या असलं काहीतरी बारीक तारेनं विणून मोठाले गळपट्टे करते. त्यातला एक दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळांभोवतीच्या पातळ कागदाचा आहे, वर्णभेदाच्या काळातला. दिसायला फुलासारखा मऊ. कागद कुठून आला हे कळल्यावर तो मऊपणा टोचायला लागतो.

सायकलच्या ट्यूबचा हार करता म्हणजे नेमकं काय करता?

पंक्चरच्या दुकानातून टाकाऊ ट्यूब घेते. दुकानदार ती फुकट देतात, मी चहाचे पैसे ठेवते. आधी व्हॉल्व्हचा भाग कापून काढायचा आणि ट्यूब लांबीत उभी चिरायची. आत पांढरी पावडर असते, ती साबणाच्या कोमट पाण्यानं दोनतीनदा धुवायची, नाहीतर हार घालणारीच्या ब्लाउजवर पांढरे डाग पडतात. मग दोन दिवस सावलीत वाळवायची. उन्हात नाही, उन्हानं रबर कडक होतं.

कापताना कात्री एका दमात चालायला हवी. मध्ये थांबलं की कडेला बारीक खाच पडते, आणि रबर फाटायचं झालं तर त्या खाचेपासूनच फाटतं. मी साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी घेते आणि एका बाजूनं दीडदीड मिलिमीटरवर चिरा देत जाते, झालरीसारख्या. पट्टी गुंडाळली की त्या चिरा आपोआप बाहेर वळतात, कारण ट्यूब गोल होती तो बाक रबर विसरत नाही. त्या बाकावरच माझा सगळा हार उभा आहे. सपाट रबराचा पत्रा आणून हे होत नाही, मी करून बघितलं.

एक चूक मला महागात पडली. सुरुवातीच्या काही हारांना मी हौसेनं चांदीचे फासे लावले. एका पावसाळ्यात सगळे काळे ठिक्कर. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात, आणि गंधकाच्या सहवासात चांदी काळवंडते. आता मी स्टीलचाच फासा लावते. तुमच्या घरी चांदीचे दागिने रबरबँड लावून ठेवले असतील तर आजच काढा.

कागदाचा हार पावसात टिकेल का?

मुसळधार पावसात छत्रीशिवाय नाही. बाकी टिकतो, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप जास्त.

कागद पान म्हणून कमकुवत असतो, पण शेकडो पानं एकमेकांवर दाबून धरली की लाकडासारखा घट्ट होतो. नेदरलँड्सची नेल लिन्सन (1935-2016) आयुष्यभर कागदाच्या घड्यांचे हार करत राहिली. घडी केलेले तुकडे लवचीक दोरीवर ओवायचे, गोंदाची फारशी गरज नाही. हार हातात घेतला की एखाद्या सजीव प्राण्यासारखा वळतो. तिचं काम बघूनच मी कागदाकडे आले. माझ्या हारात एक घडी दीड मिलिमीटर जागा घेते, म्हणजे 45 सेंटिमीटरच्या हाराला 300 घड्या. हातकागद असेल तर घडी कुठल्याही दिशेनं घाला. मशीनच्या कागदाला मात्र तंतूंची एक दिशा असते, त्या दिशेनं घडी सरळ पडते आणि आडवी घातली तर कड फुटते. छोटा तुकडा एकाच बाजूनं पाण्यानं ओला केला की कागद गोल वळतो; वळलेल्या नळीची लांबी ज्या दिशेला, ती तंतूंची दिशा.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्यात हार घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. अत्तर आधी लावा, ते वाळू द्या, मग हार घाला.

मला इमिटेशननं खाज सुटते. याची सुटेल का?

बहुतेकांना खाज सुटते ती निकेलमुळे. बाजारात 'जर्मन सिल्व्हर' म्हणून जे मिळतं त्यात चांदीचा अंशही नसतो, ते तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण असतं. ज्यांना निकेल सोसत नाही त्यांनी ते टाळावं. टायटॅनियम आणि नायोबियम हे धातू बहुतेकांना सोसतात. टायटॅनियमवरचे निळे-जांभळे रंग रंगाच्या डब्यातले नसतात. विजेनं त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात आणि थराच्या जाडीप्रमाणे प्रकाश वेगळा रंग दाखवतो. पाण्यावर सांडलेल्या तेलात दिसतात तसे ते रंग.

तांब्यानं मान हिरवी होते. घामाशी तांब्याची क्रिया होऊन ते होतं, साबणानं जातं, काळजीचं कारण नाही. माझ्या तांब्याच्या हारांना मागून लॅकर असतं, पण ते दोनतीन वर्षांत झिजतं, तेव्हा परत आणून द्या. रबर सोसत नसेल तर आधी सांगा. रेझिनचे, म्हणजे ओतून घट्ट होणाऱ्या राळेचे, हार मी करत नाही. पुरतं न सुकलेलं इपॉक्सी रेझिन करणाऱ्याच्या कातडीला फार त्रास देतं, आणि मी केलेले दोन हार उन्हानं पिवळे पडले तेव्हा मी ते सोडलं. दुसऱ्या कुणाकडून घेणार असाल तर वास घेऊन बघा. उग्र वास येत असेल तर घेऊ नका.

एवढा मोठा हार जड होत नाही?

रबर आणि कागद हलके असतात. धातूचा हार मी 150 ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. वजनाहून महत्त्वाचं म्हणजे ते कुठे बसतं: मानेच्या मागे एका बारीक तारेवर सगळा भार आला तर 80 ग्रॅमही टोचतात, आणि खांद्यांवर पसरला तर दुप्पट वजनही जाणवत नाही.

मोड किती मिळेल?

मिळणार नाही. हे मी आधीच स्पष्ट सांगते, कारण नंतर गैरसमज नको.

सोन्याच्या दागिन्याच्या बिलात सोन्याचा भाव असतो आणि त्याखाली घडणावळ. मोडीत देताना सोन्याचे पैसे परत येतात, घडणावळ बुडते. म्हणजे ज्या कारागिरानं आठ दिवस खपून ती ठुशी घडवली, त्याच्या आठ दिवसांची किंमत वितळताना शून्य होते. हे आपण इतकं मानून चाललोय की त्यात आपल्याला काही खटकत नाही. मला खटकतं. माझा हार म्हणजे पूर्णच्या पूर्ण घडणावळ. ट्यूब फुकट येते, दोरा आणि फासा मिळून शंभरेक रुपये, आणि उरलेली किंमत 300 घड्यांची किंवा 400 चिरांची. किती तास लागले ते मी प्रत्येक हारासोबतच्या चिठ्ठीवर लिहिते. तासाचा दर कुशल शिंप्याच्या तासाच्या मजुरीइतका धरते, त्यापेक्षा जास्त नाही.

अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणून दागिना घ्यायचा असेल तर सोनंच घ्या, हॉलमार्क बघून घ्या. आपल्या आयाआज्यांनी ते उगाच नाही जपलं. कित्येकींच्या हातात स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. तो हेतू वेगळा, त्याचा मान वेगळा.

सांगायला हवं की नावाजलेल्या कलाकारांची कामं संग्रहालयं विकत घेतात आणि त्यांच्या किमती वाढतात. पण त्या आशेनं माझ्याकडून किंवा कुणाकडूनच हार घेऊ नका.

साडीवर चालेल का?

चालतो, आणि फार छान दिसतो. काळा रबरी हार इरकलीवर किंवा साध्या खादीवर घाला. पैठणीवर नको, पदर आणि हार दोघंही बोलायला लागतात आणि कुणाचंच ऐकू येत नाही. लग्नात घालायचा असेल तर गळ्यात हा एकच दागिना ठेवा. सासूबाई काय म्हणतील असं विचारणाऱ्या मुलींना मी एवढंच सांगते की त्यांनाही दाखवायला घेऊन या. ज्येष्ठ बायका हाताचं काम चटकन ओळखतात. माझ्याकडून कागदाचे हार सगळ्यात जास्त साठीच्या पुढच्या काकूंनीच नेले आहेत.

कोणतं साहित्य वापरू नये, घेऊ नये?

हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या कवचाचे दागिने विकत घेणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. समुद्रातली कठीण प्रवाळं, म्हणजे किनाऱ्यावर पांढऱ्या फांद्यांसारखी मिळतात ती, आणि समुद्रपंखे, म्हणजे पंख्यासारखी पसरलेली प्रवाळं, यांनाही संरक्षण आहे. 'सापडलं म्हणून उचललं' हे चालत नाही. जुनं सेल्युलॉइड, विशेषतः शंभर वर्षांपूर्वीच्या कंगव्यांचं, चटकन पेट घेतं. निरांजनाजवळ ते गळ्यात नको. वाघनखाचं पदक कुणी कितीही पिढीजात म्हणून दाखवलं तरी हात लावू नका.

असं काम प्रत्यक्ष कुठे बघता येईल?

परदेशात जाणं झालं तर जर्मनीत फोर्त्सहाइम इथलं दागिन्यांचं संग्रहालय, म्युनिकचं पिनाकोटेक डेर मोडेर्ने, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधलं दागिन्यांचं दालन. फोर्त्सहाइमला पाच हजार वर्षांचे दागिने एकाच इमारतीत आहेत, त्यामुळे प्राचीन सोनं बघून चार पावलांवर प्लास्टिकचा हार बघता येतो. 1813 मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढ्यासाठी प्रशियातल्या बायकांनी सोनं दिलं आणि बदल्यात लोखंडाचे दागिने घेतले. ते काळे, लेससारखे नाजूक दागिने जर्मनीतल्या संग्रहालयांत आवर्जून शोधा. त्या काळात गळ्यात लोखंड असणं अभिमानाचं होतं, सोनं असणं शरमेचं.

आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 'अलंकार' दालन आहे. आणि पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात जा. तिथले अडकित्ते आणि दिवे बघा. रोजच्या वापरातल्या वस्तूवर कुणी किती जीव लावला होता हे बघितलं की माझं काम निम्मं समजेल.

मला स्वतः करायचा आहे. सुरुवात कशी करू?

घरातली एकच वस्तू घ्या, जी भरपूर आहे. बटणं, जुन्या लग्नपत्रिका, पेनांची टोपणं. पन्नास नग जमवा. आठवडाभर नुसतं हाताळा: वाकवा, कापा, भोक पाडा, पाण्यात टाका. ती वस्तू काय करायला तयार आहे ते कळू द्या. मग ओवा.

आणि गाठ शिका. हार गाठीशी तुटतो. शक्य असेल तर एखाद्या पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने गाठवून देणाऱ्याकडे, बसून शिका. पोत गाठवताना त्यांच्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेला दोरा, मण्यामण्यामधली ती इवलीशी गाठ, ती मण्याला टेकवून मगच आवळण्याची रीत, हे बघून येतं, वाचून येत नाही. मी जिथे शिकले ते आजोबा आता नाहीत. त्यांनी पहिले दोन महिने मला फक्त गाठी घालायला लावल्या, मण्यांना हात लावू दिला नाही.

आमच्या आईच्या वस्तूंपासून हार करून द्याल का?

हो, पण आधी वस्तू घेऊन या आणि बसून बोलू. एक ताई त्यांच्या आईच्या शिलाई मशीनच्या चौदा बॉबिन घेऊन आल्या होत्या. त्या सगळ्या धुऊन, दोरे काढून, चकचकीत करून आणणार होत्या, नशिबानं फोनवर विचारलं. मी म्हटलं, दोरे तसेच राहू द्या. कुठल्या बॉबिनवर परकराचा पांढरा दोरा, कुठे शाळेच्या गणवेशाचा खाकी, एकीवर मरून रंगाचा थोडासाच उरलेला. तो मरून बघून त्या म्हणाल्या, हा माझ्या लग्नातल्या ब्लाउजचा. मी त्या बॉबिन फक्त काळ्या गोफात ओवल्या आणि ती मरून पुढे मध्यभागी घेतली. बाकी काहीच केलं नाही.

कपड्यांचे तुकडे, चष्म्याच्या काड्या, किल्ल्या, चिल्लर, सगळं चालतं. राख किंवा अस्थी मी घेत नाही, ते माझ्याच्यानं होत नाही.

तुटला तर दुरुस्त करून मिळेल का?

काळी पोत सुटली तर आपण 'तुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. माझा हार वाढला तरी घेऊन या. सांडलेला तुकडा कितीही बारीक असला तरी गोळा करा आणि सगळं एका पिशवीत घालून आणा, जुना दोराही टाकू नका, कारण तो कुठे झिजला ते बघून मी नवा कुठे जाड घ्यायचा ते ठरवते. गाठवून द्यायला आठ दिवस लागतात. पहिल्या वेळी पैसे नाहीत. त्यानंतर दोरा आणि फाशाचे तेवढे घेते.